रुमाल आत्यानं धरलेली जागा

दार लागलं ते उघडेनाच. आधी सगळं थरथरत होतं, ते थांबलं. मग समोरच्या पडद्यावरची पृथ्वी विझली. मग पंखा बंद पडला. मी पाठीवर पडलेली, गुडघे वर, छातीवरून दोन पट्टे आवळलेले, तोंडापासून हातभर अंतरावर पत्रा. डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, अंधार सारखाच. मी ओरडले. शेजारच्या खुर्चीतून रुमाल आत्यांचा आवाज आला, "कौसे, कावून वरडायलीस? लाइट गेली. हितं बी जाते म्हंजी. मला वाटलं आपल्याकडंच."

हे यान खरं नव्हतं. शहरातल्या एका संग्रहालयात लोकांना बसवून चंद्रावर नेल्यासारखं दाखवायला केलेलं होतं. पण दार खरं होतं आणि ते बंद होतं. आणि त्याच सकाळी, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात, मी बंद जागेत जाणार नाही म्हणून सांगून बाहेर पडले होते.

ते आधी सांगते. वर्षभर मला चक्कर यायची. एकदा चुलीपुढं पडले. मग उजव्या हातातून भाकरी निसटायला लागली. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात गाठ असावी, शहरात जाऊन मोठ्या मशीनमध्ये फोटो काढा, त्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही. आणि उशीर केला तर आधी हात जाईल, मग वाचा जाईल, मग तुम्ही जाल. असं साफ बोलणारे डॉक्टर मला आवडतात. पण शहरात गेल्यावर मी ते मशीन पाहिलं. फळीवर निजवतात आणि नळकांड्यात ढकलतात. मी फळीवरून उतरले, चपला घातल्या आणि बाहेर आले. मुलाला, बालाजीला, म्हटलं, भट्टीत एकदाच जायचं असतं आणि तेव्हा आपल्याला कळत नसतं. आत्ता मला कळतंय, तर मी जाणार नाही.

रुमाल आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची. बाकी आमचं चौसाळा आणि त्यांचं तलवाडा, दोन्ही गावं रुमाल आत्या म्हणायची. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग नसायचा. चौकड्यांचा मोठा पुरुषी रुमाल, त्याच्या एका कोपऱ्याला गाठ आणि गाठीत थोडी चिल्लर, एवढं घेऊन त्या घराबाहेर पडायच्या. गाठ कशाला, तर नुसता रुमाल खिडकीतून टाकला तर वाऱ्यानं उडतो. गाठीचा रुमाल जिथं टाकला तिथं बसतो. बीडच्या स्टँडात गाडी पुरती थांबायच्या आत त्यांचा रुमाल आत गेलेला असायचा, तोही सावलीच्या बाजूच्या खिडकीशी. एकदा तो आधीच बसलेल्या एका फौजदाराच्या मांडीवर पडला. फौजदार रागानं खिडकीतून वाकला. आत्या खालून म्हणाल्या, "साहेब, तितंच असू द्या, आले मी." काय झालं कोण जाणे, तो माणूस उठून उभा राहिला. गेवराईपर्यंत उभा होता.

एकदा रुमाल चुकीच्या गाडीत पडला आणि परळीला गेला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं आणून दिला, कारण त्या मार्गावरचे सगळे कंडक्टर तो रुमाल ओळखायचे. आत्यांनी आभार मानले नाहीत. त्या जागेवर परळीपर्यंत कोणी बसलं का, एवढंच विचारलं.

गाडीपुरतं असतं तर चाललं असतं. लग्नाच्या पंगतीत त्या एका ठिकाणी रुमाल, दुसऱ्या ठिकाणी एक चप्पल, तिसऱ्या ठिकाणी दुसरी चप्पल ठेवायच्या आणि अनवाणी उभ्या राहून पहारा करायच्या. ज्यांच्यासाठी धरलं ती माणसं अजून घरून निघालेली नसायची. टँकर यायच्या दिवशी आदल्या दुपारपासून त्यांची घागर रांगेत असायची. नातवाला मुलगी बघायला सुरुवात झाली नव्हती तेव्हा त्यांनी गेवराईत मंगल कार्यालय धरून ठेवलं. मी म्हटलं, वन्सं, अजून पोरगी कुठंय? तर म्हणाल्या, "पोरगी मिळंल. हॉल मिळत न्हाई." त्यांचं एकच म्हणणं असायचं, "बसायचं का न्हाई ते मागून ठरवावं. आधी जागा धरावी." ह्या सवयीचं मूळ काय ते मी कधी विचारलं नाही. माणसाला खोड असते. तिला मूळ असलंच पाहिजे असं नाही.

तर दवाखान्यात त्या आमच्याबरोबर आल्या होत्या, न बोलावता. जीपमध्ये पुढची जागा अर्थात त्यांनी धरली होती. मी फळीवरून उतरल्यावर बालाजी डोकं धरून बाकड्यावर बसला. त्यानं मला समजावलं, मग हात जोडले, मग चिडला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी एक जागा आहे, तोवर मन तयार करा. आत्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, ह्या माझ्या बाजूच्या.

चहा प्यायला रस्त्यावर आलो तर पलीकडं एका इमारतीपुढं रांग होती. आत्यांना रांग दिसली की पाय आपोआप तिकडं वळायचे. रांग कशाची हे विचारायला त्या थांबत नसत, कारण विचारण्यात दोन माणसं पुढं जातात. आम्ही पोचलो तोवर त्या मधेच कुठंतरी शिरून उभ्या होत्या. बालाजी म्हणाला, आत्या, हे अंतराळाचं संग्रहालय आहे, शाळेच्या पोरांसाठी असतं. आत्या म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना न्हाई असं लिव्हलंय का कुठं?" मी चौथी शिकलेली आहे, मला पाटी वाचता येते. तसं लिहिलेलं नव्हतं. बालाजीला कंटाळा आला होता आणि फोनवर घरी काय सांगावं हे त्याला सुचत नव्हतं. त्यानं तिकिटं काढली आणि तो बाहेरच राहिला.

आत गार होतं, हे मला पहिल्यांदा आवडलं. निळं जाकीट घातलेली एक पोरगी सगळं समजावून सांगत होती. काचेत आकाशातून पडलेला एक काळा दगड ठेवला होता. आत्या म्हणाल्या, असले आमच्या शेतात लई हायत, लोकं यायचीत का बघायला? पोरगी हसली. मग माणसाच्या उंचीचा एक पांढरा पोशाख होता, आत माणूस नसलेला. त्याच्याकडं बघून आत्यांनी विचारलं की ह्यात खाज आली तर खाजवायचं कसं. पोरगी म्हणाली, येते खाज, सहन करावी लागते. आत्यांना हे पटलं. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच त्या लोकांविषयी मान दिसला.

मग एक काटा होता, त्यावर उभं राहिलं की चंद्रावर आपलं वजन किती भरेल ते दिसायचं. आत्या चढल्या. अंगानं चांगल्या भरलेल्या बाई, पण काट्यानं एखाद्या लेकराचं वजन दाखवलं. त्या उतरल्या, पुन्हा चढल्या. "म्हंजी तथं गुडघे दुखायचे न्हाईत?" पोरगी म्हणाली, आजी, बरोबर, खूप कमी भार येईल. आत्या काट्यावरून उतरल्या त्या चंद्रावर जायचं ठरवूनच. आपल्या देशातून माणसं जायची तयारी चालू आहे, असं पोरगी सांगत होती. त्यात बायका घेणार का, हे त्यांनी विचारलं. वयाची अट आहे का, हेही विचारलं. पोरगी म्हणाली, तब्येत चांगली पाहिजे. आत्या म्हणाल्या, तब्येतीला काय झालंय, गुडघेच तर हायत, ते तिथं दुखत न्हाईत म्हणून तूच सांगायलीस.

शेवटी ते यान. घुमटासारखी एक पत्र्याची खोली, आत तीन खुर्च्या. आमच्या पुढं चष्मेवाले एक गृहस्थ होते. पोरगीनं दार उघडलं तसा त्यांच्या खांद्यावरून आत्यांचा रुमाल आत गेला आणि मधल्या खुर्चीवर बसला. पाठोपाठ एक चप्पल तिसऱ्या खुर्चीवर. गृहस्थ म्हणाले, हे काय चाललंय? आत्या म्हणाल्या, "धरलेली हाय. आमचा पोरगा फोनवर हाय, येतोय." पोरगी म्हणाली, आजी, इथं जागा धरावी लागत नाही, सगळ्यांचा नंबर येतो. "आसं म्हणणारी माणसंच उभ्यानं जातेत," आत्या म्हणाल्या आणि आत शिरल्या. गृहस्थ मागं सरले.

मला त्या म्हणाल्या, तुझे पाय दुखायलेत, खुर्ची हाय, बस जरा. मला खुर्चीच दिसत होती, म्हणून मी बसले. पट्टे लावले तेव्हा वाटलं, जीपमध्येही लावतात. मग दार लागलं आणि खुर्ची मागं उलथली. तेव्हा मला कळलं की ही सकाळचीच फळी आहे, फक्त गादी लावलेली. पुढं मी कितीदा तरी त्यांना विचारलं की हे तुम्हाला माहीत होतं का. त्या म्हणायच्या, मला काय ठावं ती खुर्ची उलथते म्हणून. त्यांच्यावर माझा विश्वास नाही, आणि अविश्वास धरायलाही काही पुरावा नाही.

तर लाइट गेली. दार विजेवर चालणारं. बाहेरून पोरगी ओरडून सांगत होती की जनरेटर चालू करतायत, घाबरू नका. मी घाबरलेलीच होते. पट्ट्याचं बटण सापडेना. उजवा हात तर तेव्हा कामाचाच नव्हता. मी ओरडत होते आणि आत्या शांतपणे दाराकडं तोंड करून पोरीला विचारत होत्या, "बाई, हितं लघवीला कुठं जातेत?"

पोरगीला वाटलं आत्यांना लागली आहे. आत्या म्हणाल्या, मला न्हाई, त्या वरच्या लोकांचं विचारायले. पोरगी बिचारी दाराला तोंड लावून सांगायला लागली की तिथं नळी असते, ओढून घेते, आणि ते पाणी शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात. मी ओरडायची थांबले होते, कारण मला ते नीट ऐकायचं होतं. "कोणाचं कोण पितं?" आत्यांनी विचारलं. पोरगी म्हणाली, सगळ्यांचं एकत्रच होतं. आत्या मला म्हणाल्या, "उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याला वास येतो तर तू नाक मुरडतीस."

पोरगीला बोलतं ठेवलं की ती पळून जाणार नाही, असं बहुधा त्यांनी ठरवलं होतं. असं किती दिवस पडून राहायचं असतं, हे त्यांनी विचारलं. पोरगी म्हणाली, जाताना थोडाच वेळ, पण वर एक घर फिरत असतं, तिथं लोक कित्येक महिने राहतात. परतीच्या यानात बिघाड झाला तर मुक्काम वाढतो. आत्तासुद्धा काही जण तसेच वर थांबलेत.

"परतीची गाडी चुकली म्हणा," आत्या म्हणाल्या.

"तसंच, आजी."

"बाईमाणूस हाय का त्यात?"

"आहे एक."

"मग घरी सैपाक कोण करतं?"

पोरगी म्हणाली, ते मला माहीत नाही. तेवढ्यात खाली काहीतरी धाडकन वाजलं, यान एका बाजूला कललं आणि कर्र कर्र करत तसंच अडकलं. आत्यांचं बोलणं थांबलं. मी वाट पाहिली. जन्मात मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं ऐकलं नव्हतं. वन्सं, म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मग अंधारात त्यांचा हात आला आणि माझ्या मनगटात नखं रुतली.

"कौसे," त्या म्हणाल्या, "लई आवळलंय गं."

हा आवाज मला नवीन होता. मला आधी राग आला. एवढं करून आता ह्याच घाबरणार, तर मी काय करायचं? मी म्हटलं, "गप पडा. दार हाय, दाराभाईर पोरगी हाय, पोरीला पगार हाय. ती कुठं जायची न्हाई." त्यांनी श्वास घेतला, पण नखं सोडली नाहीत. मग मी त्यांना विचारलं की गेवराईचा हॉल नेमका कोणत्या तिथीला धरलाय. तिथी त्यांनी सांगितली. जेवणाला कोण कोण, हे विचारलं. त्या सांगायला लागल्या. माहेरची किती, सासरची किती, कोण कोणाशेजारी बसवायचं नाही. मुलीकडच्यांना कोणत्या अंगाला बसवायचं इथपर्यंत आलो तेव्हा लाइट आली. पंखा फिरला, खुर्ची सरळ झाली आणि दार उघडलं. पुढच्या पडद्यावर आम्ही चंद्रावर उतरलो होतो, पण तिकडं बघायला कोणाला वेळ नव्हता.

बाहेर बालाजी पांढराफटक उभा होता. सकाळी मशीनला घाबरलेली आई आता यानात अडकली, म्हणजे सगळं संपलंच, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची. चष्मेवाले गृहस्थ तक्रार करा म्हणत होते. आत्यांनी मधल्या खुर्चीवरून रुमाल उचलला, चप्पल पायात घातली आणि पोरीला विचारलं, "दुसरी खेप कवा असती?"

नंतर चहाच्या टपरीवर त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि मला विचारलं, "त्या दवाखान्यातल्या मशीनला दार हाय का?"

मी म्हटलं, न्हाई.

"पट्टे?"

न्हाई.

"लाइट?"

हाय.

"मग कावून भेतीस?"

मी चहा संपवला.

पण दवाखान्याच्या त्या दारापुढं बसल्यावर माझे पाय पुन्हा बाहेरच्या वाटेकडं वळले. माणसाला एक गोष्ट पटते आणि तरी पाय ऐकत नाहीत, असं असतं. आमच्यानंतर कोणाचा तरी नंबर होता. मी हळूच बालाजीला म्हटलं, त्यांना जाऊ दे, आपण घरी जाऊ. हळू म्हटलं तरी आत्यांनी ऐकलं. तेवढ्यात आतला पेशंट बाहेर काढायला दार उघडलं. ढकलगाडी निघाली आणि तिच्या बाजूनं आत्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. फळी रिकामी दिसत होती. बीडच्या स्टँडात टाकायच्या तसा त्यांनी रुमाल टाकला.

तो फळीवर पडला नाही. हवेत मधेच वळला, गाठीच्या बाजूनं सरळ मशीनच्या तोंडाकडं गेला आणि टक् करून आतल्या छताला चिकटला. बाकीचा रुमाल खाली लोंबत राहिला.

मशीनवाला ओरडला. एक नर्स धावली, मग डॉक्टर आले. ते मोठं चुंबक असतं, आत लोखंड न्यायचं नसतं, नाणं उडून कोणाचा डोळा गेला असता, बाहेर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी ते वाचलं होतं, आत्यांनी नव्हतं. डॉक्टर बोलत होते ते खरंच होतं आणि आत्यांनी ते हात जोडून सगळं ऐकून घेतलं. मशीनवाला दोन्ही हातांनी रुमाल ओढत होता आणि रुमाल येत नव्हता. डॉक्टरांचं बोलून झाल्यावर आत्या म्हणाल्या, "चुकलं साहेब. पर जागा तर धरली ना? आता हिलाच घ्या."

मला हसू आलं. ते काही केल्या थांबेना. डॉक्टरांकडं बघितलं तर तेही भिंतीकडं तोंड करून उभे. शेवटी दोघांनी ओढून रुमाल सोडवला, नर्सनं माझी जोडवी, बांगड्या उतरवल्या, कोणीतरी मला फळीवर निजवलं आणि मशीनवाला वैतागून म्हणाला की आजी, हसू नका, हललात तर फोटो बिघडतो, पुन्हा काढावा लागेल. मी आत गेले. आत किती वेळ होते मला माहीत नाही. मशीन ठोकाठोक करत होतं आणि मी दात आवळून हसू दाबत होते. ह्या बाईनं आपली सगळ्यांपुढं शोभा केली, म्हणून मनात त्यांना शिव्या घालत होते. भ्यायला सवड झाली नाही.

गाठ निघाली चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी. ती काढली. माझं डोकं भादरलेलं बघून आत्या म्हणाल्या, टकलावर पदर टिकत न्हाई, टाचणी लाव. हात परत आला. हे मी त्याच हातानं लिहितेय.

त्यानंतर आत्यांनी तलवाड्यात सांगितलं की आम्ही यानात गेलतो. ते खोटं होतं असं म्हणता येत नाही. टीव्हीवर रॉकेट दिसलं की त्या घरातल्यांना गप्प करायच्या आणि आपल्याच वाड्यावस्तीवरचं कोणी निघाल्यासारखं बघायच्या. उडताना एखादं फुटलं तर माणसं होती का, हे आधी विचारायच्या. नव्हती म्हटलं की पदरानं तोंड पुसायच्या. मला फोन केला की जेवलीस का, असं कधी विचारलं नाही. "आली का गं ती?" हा पहिला प्रश्न. ती म्हणजे वर अडकलेली बाई. मी बातम्या बघून ठेवायची, नाहीतर त्या बोलू द्यायच्या नाहीत. न्हाई आली, म्हटलं की म्हणायच्या, तिच्या घरच्यांनी काही हालचाल केली पायजे, अशानं कसं व्हायचं.

नातवाचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं. पोरगी शेवटच्या महिन्यात मिळाली, हॉल मात्र आपलाच होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, तलवाड्याला अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत असताना, त्या एका अंगाला कलल्या आणि गेल्या. सून म्हणाली, तोंडात दाणा होता. आजार नाही, दवाखाना नाही. आम्ही गेलो, दहावा केला, परत आलो.

पुढं एका संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं. यान समुद्रात पडलं, माणसांनी दार उघडलं आणि ती बाई बाहेर आली. पाय टेकवत नव्हते, म्हणून तिला उचलून फळीवर ठेवलं. ती हात हलवत होती.

मी तलवाड्याला फोन लावला. सुनेनं उचलला. मी म्हटलं, ती बाई आली गं. सून म्हणाली, कोण बाई, मामी? मी म्हटलं, काही न्हाई, ठेव.

यानात आम्ही दोघी होतो. त्यांतली मी जिवंत आहे.